कावळ्याची अट

कावळा लिहायला ऋजुताला सगळ्यात जास्त वेळ लागला होता. घाट सोपा होता, पाणी सोपं होतं. पत्रावळीवरचे भाताचे पिंड, त्यांवर काळे तीळ, ताटकळलेले नातेवाईक आणि चोरून घड्याळाकडे बघणारे गुरुजी, हेही जमून गेलं. पण कावळा काही केल्या कावळ्यासारखा वागेना. एक तर तो पाळलेल्या पोपटासारखा बोलावल्याबरोबर खाली यायचा, नाहीतर फांदीवर पुतळा होऊन बसायचा. खरा कावळा माणसाचा जीव टांगणीला लावतो. तो येतो, मान वाकडी करतो, दोन उड्या मारत पिंडाजवळ जातो आणि काही आठवल्यासारखा उडून जातो. एवढं साधल्यावर मात्र ऋजुता शेवाळेचं नाव 'निवांत'मध्ये सगळ्यांच्या तोंडी झालं. कचेरीत तिला 'कावळेवाली' म्हणायला लागले, आणि तिलाही ते आवडायचं.

'निवांत' हे एक आभासी जग होतं. डोक्यावर हेडसेट चढवला की माणूस तिथे पोचायचा. तिथे फिरता यायचं, गप्पा मारता यायच्या, पण त्याचा खरा धंदा संमोहनाचा. कुणाला तंबाखू सोडायची असे, कुणाला लिफ्टची भीती घालवायची असे, कुणाला नुसतीच झोप हवी असे. प्रत्येकासाठी वेगळी संहिता लिहिली जाई. ती लिहिणाऱ्यांपैकी ऋजुता एक.

संमोहन म्हणजे झोप नव्हे. माणूस जागाच असतो, फक्त त्याचं सगळं लक्ष एका ठिकाणी गोळा होतं आणि 'हे खरं कशावरून?' असं विचारणारा मनातला शंकेखोर कारकून थोडा वेळ रजेवर जातो. पूर्वी फार थोडी माणसं इतकी खोल जाऊ शकत, आणि त्यातही सांगणाऱ्याचं कसब लागे. हेडसेटनं ती अडचण दूर केली. तो कपाळाशी मेंदूच्या लहरी मोजायचा, डोळ्यांतल्या बाहुल्या बघायचा, श्वासाची लय पकडायचा आणि संहितेतलं प्रत्येक वाक्य नेमकं उच्छ्वासावर टाकायचा. शिवाय जे ऐकू येई ते समोर दिसतही असे. त्यामुळे मेंदू ते 'ऐकलेलं' म्हणून बाजूला ठेवत नसे, 'घडलेलं' म्हणून जपून ठेवी. हेडसेट काढल्यावर माणसाला पक्कं ठाऊक असे की आपण खुर्चीत बसलो होतो. त्याच्या शरीराला मात्र ते ठाऊक नसे.

कावळ्याची पहिली संहिता संगमनेरच्या जनार्दन खरमाट्यांसाठी होती. त्यांच्या वडिलांच्या दहाव्याला कावळा शिवला नव्हता. सगळे एकेक वचन देऊन थकले, ऊन डोक्यावर आलं, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी जेवायला घरी गेली. जनार्दनराव तेवढे घाटावरच राहिले, म्हणजे मनानं. वडिलांची कसली इच्छा राहिली, या विचारानं त्यांचं अन्न तुटलं होतं.

ऋजुतानं त्यांना पुन्हा त्या घाटावर उभं केलं आणि कावळ्याला एक अट घातली. लिहिणाऱ्याच्या मर्जीनं तो खाली उतरणार नाही. समोरचा माणूस एकेक वचन देत जाईल, आणि ज्या वचनाला त्याचं शरीर सैल पडेल, श्वास खाली जाईल, बोटं ऊबदार होतील, त्याच वचनाला कावळा शिवेल. जनार्दनरावांनी शेताचं बोलून पाहिलं, बहिणीचं बोलून पाहिलं. शेवटी म्हणाले, "दादा, मी तुमच्यावर रागावून होतो, तो राग आजपासून सोडला." कावळा झपकन उतरला. त्या दिवशी जनार्दनराव पोटभर जेवले.

ही अट म्हणजे ऋजुताच्या कामाचा आत्मा होता. ती तिला आईकडून मिळाली होती, हे ती कुणाला सांगत नसे. तिची आई उज्ज्वला कराडला औद्योगिक शाळेत शिवणकाम शिकवायची आणि पहिल्याच दिवशी पोरींना बजावायची, "माप अंगाचं घ्यायचं. आपल्याला कसं दिसावंसं वाटतं, त्याचं नाही."

आणि नेमकं आईच्याच बाबतीत ऋजुतानं ते धाब्यावर बसवलं.

ऋजुताचे बाबा, विलास शेवाळे, पाटबंधारे खात्यात नदीची पातळी मोजायचे. निवृत्त झाले तरी रोज संगमावर चक्कर मारून यायचे आणि घाटाच्या किती पायऱ्या पाण्याखाली गेल्यात हे बायकोला सांगायचे. तीही मशीन थांबवून ऐकायची. हिवाळ्यात ते झोपेतच गेले. दहाव्याला कावळा शिवला नाही. आईनं वचनं दिली, ऋजुतानं दिली, चुलत्यांनी दिली. कावळे झाडावर बसून राहिले. इथेही शेवटी दर्भाचाच कावळा आला.

तेव्हापासून आई कराडचं घर सोडायला तयार नव्हती. ऋजुता पुण्याहून दर पंधरवड्याला यायची आणि तोच विषय काढायची.

"आई, माझ्याकडे चल. इथे एकटी काय करणार आहेस?"

"एकटी कुठे? तुझे बाबा इथेच घुटमळतायत. त्यांचं काहीतरी राहिलंय. त्यांना इथं ठेवून मी दाराला कुलूप लावू?"

"तू इतकी शिकलेली बाई आणि कावळ्याचं काय घेऊन बसलीस?"

"तूही शिकलेलीच आहेस की. त्याच कावळ्यावर पोट भरतेस." आईशी वादात जिंकल्याचं ऋजुताला आठवतच नव्हतं.

मग एका सकाळी आई न्हाणीत घसरून पडली. शेजारच्या कदमकाकू दुपारी ताक द्यायला आल्या, तोवर ती ओल्या फरशीवर पडून होती. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. पण आईचे गारठलेले पाय हातात घेतले तेव्हा ऋजुताचा धीर सुटला. आता हिला इथे ठेवायचं नाही, तिनं ठरवूनच टाकलं.

'निवांत'मध्ये एक नियम होता: घरच्या माणसासाठी कुणी संहिता लिहायची नाही. प्रत्येक संहिता आधी शिरीन मुजावरच्या नजरेखालून जाई. शिरीन मिरजेची, ऋजुताची जुनी मैत्रीण आणि बोलायला फटकळ.

"आईसाठी कावळा लिहायचाय," ऋजुता म्हणाली.

"दुसऱ्या कुणाला सांग. कान सोनारानंच टोचावेत."

"दुसऱ्या कुणाला कराडचा घाट माहीत नाही."

"मग माहिती दे, लिहू नकोस. आपल्या माणसाचं भलं करायचं म्हटलं की आपल्याला दिसेनासं होतं बघ." ऋजुतानं मान डोलावली आणि आठवड्याभरानं 'कराडचा घाट, चाचणीसाठी' असं सांगून संहिता मंजूर करून घेतली. शिरीननं मैत्रिणीवर विश्वास ठेवला.

मंजूर झालेल्या संहितेत कावळ्याची जुनीच अट होती. ऋजुतानं ती मागाहून बदलली. शरीर काय म्हणतं ते आता कावळा बघणार नव्हता. आईनं घर सोडून मुलीकडे जायचं वचन दिलं तरच तो उतरणार होता. हे फसवणं आहे असं तिला वाटलं नाही. बाबांना तरी दुसरं काय हवं असणार? बायको न्हाणीत पडून राहावी असं कुठल्या माणसाला वाटेल? बाबांच्या मनातलंच आपण लिहितोय, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. एक मात्र तिनं केलं. संहितेला स्वतःचा आवाज दिला नाही, कारण आवाज ओळखून आईनं पोरीचं ऐकू नये. एवढ्याशा सचोटीवर तिनं स्वतःला बरंच माफ करून टाकलं.

पुढच्या खेपेला कराडला गेल्यावर, 'बाबांचा कावळा पुन्हा बोलावू' एवढंच सांगून, दुपारी जेवणं झाल्यावर तिनं आईला खिडकीपाशी आरामखुर्चीत बसवलं आणि हेडसेट बाहेर काढला.

"हे घातल्यावर केस विस्कटतील का गं?"

"विस्कटू देत. कोण बघतंय?"

"हे बघतील ना," आई म्हणाली, आणि तिनं खरोखरच फणी मागून घेतली.

आई सहज खोल गेली. तिच्यासमोर कृष्णा आणि कोयना एकमेकींच्या अंगावर धावून येत होत्या. पायाखाली ओली वाळू होती. पत्रावळीवर पिंड होते आणि पिंपळावर कावळा होता. ऋजुता शेजारी स्टूल घेऊन बसली होती. तिच्या मांडीवरच्या पडद्यावर आईचा श्वास, बोटांची ऊब आणि मेंदूच्या लहरी रेषा होऊन सरकत होत्या. कोपऱ्यात एक छोटं बटण होतं. संहिता अडली तर लिहिणाऱ्याला ते दाबून कावळा मोकळा सोडता येई.

"अहो," आई बोलायला लागली. इतक्या मऊ आवाजात ती मुलीसमोर कधी बोलली नव्हती. "तुमचा निळा सदरा अर्धा राहिलाय. तो पुरा करीन. कुणा गरजूला देईन."

कावळा फांदीच्या टोकापर्यंत आला आणि मागे सरकला.

"ऋजूला टाकून बोलणार नाही. तिचं तिच्या जागी बरोबरच असतं." कावळ्यानं मान फिरवली.

मग आई गालातल्या गालात हसली.

"कळलं. तुम्हाला तेच ऐकायचंय. बरं, ऐका तर. मी कुणाच्या दारात राहायला जाणार नाही. पोरीच्यासुद्धा नाही. माझ्या घरात राहीन, माझ्या हातचं खाईन, पडले तर उठीन. तुम्ही सांगितलं होतं ना, माझ्यामागे कुणाच्या आधारानं राहू नकोस, तुझा तो स्वभाव नाही. नाही राहणार. या आता."

पडद्यावरच्या रेषा एकदम निवळल्या. श्वास खोल गेला, बोटं ऊबदार झाली, इतके दिवस आखडलेले आईचे खांदे खाली आले. जनार्दनरावांचा कावळा अशाच क्षणाला उतरला होता. बाबांनी आईला हे सांगितलं होतं, हे ऋजुताला आत्ता कळत होतं. तिच्यापाशी ते कुणी कधी बोललं नव्हतं. ते त्या दोघांतलं होतं.

कावळा फांदीवरच बसून राहिला. त्याची अट पुरी झाली नव्हती.

ऋजुताचं बोट बटणावर गेलं. नुसतं टेकवायचं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे ती ओली फरशी आली, ते गारठलेले पाय आले. आत्ता कावळा सोडला तर आई या घरात राहणार, आणि पुढच्या वेळी कदमकाकू ताक घेऊन येतीलच असं नाही. तिनं बोट मागे घेतलं.

"या ना," आई म्हणाली. थोडं थांबून पुन्हा म्हणाली, "हेच म्हणाला होतात ना तुम्ही? मी नीट ऐकलं होतं." खांदे परत वर चढले. तिनं तेच वचन पुन्हा दिलं, शब्द बदलून दिलं, हात जोडून दिलं. आवाज बारीक होत गेला. "मग काय हवंय तुम्हाला? सांगा की. मला नाही कळत." ऋजुतानं आईला कुणाची मनधरणी करताना कधी पाहिलं नव्हतं. ती पडद्याकडे बघत राहिली, कारण आईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "ऋजूकडे जाऊ? हे घर सोडून? तुमची तशी इच्छा आहे?" आणि मग अगदी थकून, "बरं. जाते मी पुण्याला."

कावळा झपकन उतरला.

हेडसेट काढल्यावर आईनं आधी केस सारखे केले. "खाल्लं गं त्यानं," ती म्हणाली. "सगळा भात खाल्ला." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते आनंदाचं असेल असं ऋजुतानं धरून चाललं.

पुण्यात आई शहाण्यासारखी राहिली. वेळेवर जेवायची, सोसायटीच्या बागेत फेऱ्या मारायची, न्हाणीत बसवलेला दांडा धरून चालायची. ऋजुतानं वाढलेल्या कशालाही नावं ठेवायची नाही. ती वाद घालायची नाही, याचं पहिल्यांदा ऋजुताला बरं वाटलं, मग नवल वाटलं, मग भीती वाटायला लागली. बाबांचा फोटो कराडलाच राहिला होता. आणते म्हटलं तर आई म्हणाली, "असू दे तिथंच." निळा सदराही तिथंच राहिला. आणि तिच्या बोलण्यातून 'हे म्हणायचे' हे दोन शब्द गेले. पूर्वी त्यांच्याशिवाय तिचं पान हलत नसे.

एकदा दोघी मेथी निवडत बसल्या होत्या. आई सहज म्हणाली, "एवढा संसार केला, पण माणूस काही मला कळला नाही बघ."

"कोण?"

"तुझे बाबा. मला वाटायचं, त्यांच्या मनातलं मला न सांगता कळतं. त्यांनी तोंडानं सांगितलेलंसुद्धा मला उलटंच समजलं होतं. माझी आपली समजूत." आज हवा ढगाळ आहे असं म्हणावं, तशा आवाजात ती हे म्हणाली आणि पुढची काडी उचलली.

ऋजुताच्या हातातली जुडी तशीच राहिली. आपण आईचं घर काढून घेतलं, एवढं ती स्वतःशी कबूल करत आली होती. बाबाही काढून घेतले, हे तिला त्या मेथीच्या ढिगापुढे कळलं. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं शिरीनला सगळं सांगितलं.

"पुसता येईल?" ऋजुतानं विचारलं.

"काय पुसणार? तिनं ते पाहिलंय. नवी संहिता लिहिशील, त्यात बाबा येऊन म्हणतील, उज्ज्वला, परत जा. ती जाईलसुद्धा. पण तोही तुझाच कावळा असेल, ऋजुता. तिला तिच्या मनानं जाता यायला हवं होतं."

"मग मी काय करू?"

"आधी तिला खरं सांग," शिरीन म्हणाली. "उपयोग होईल म्हणून नाही. सांगायला हवं म्हणून."

ऋजुतानं धीर गोळा करेपर्यंत बाबांचं वर्षश्राद्ध आलं. त्यासाठी मायलेकी कराडला आल्या. विधी आटोपले, गुरुजी गेले. पायऱ्यांच्या खाली एका दगडावर कावळ्यासाठी पान ठेवलेलं होतं. पलीकडे पिंपळावर खरे कावळे होते आणि त्यांना कुणाशी देणंघेणं नव्हतं. तिथे उभं राहून ऋजुतानं आईला सांगितलं. अट सांगितली, बटण सांगितलं, मागे घेतलेलं बोट सांगितलं.

आई नदीकडे बघत ऐकत होती.

"माझं पहिलं बोलणं तू ऐकलंस?"

"ऐकलं."

"मला बरं वाटलं होतं, ते तुला दिसलं?"

"दिसलं, आई."

"आणि तरी नाही सोडलास."

"नाही."

आई चिडली असती तर ऋजुतानं पाय धरले असते. पण आई चिडली नाही. पुण्याला आल्यापासून ती कशावरच चिडली नव्हती.

"तू म्हणतेस ते खरंच असणार," ती म्हणाली. "खोटं सांगून तुला काय मिळायचंय? डोक्याला पटतंय माझ्या. पण ऋजू, मी बघितलंय गं. मी घराचं नाव काढलं की तो जागचा हलत नव्हता. ते आता न बघितल्यासारखं कसं करू?"

"आपण घरी जाऊ. आपल्या. किल्ली आणलीय मी. दार उघडलं की तुला बरं वाटेल."

"नको. मघाशी गल्लीच्या तोंडाशी गाडी हळू झाली ना, तर छातीत धडधडायला लागलं. त्यांना आवडायचं नाही." तिनं पदर सारखा केला. "चल. अंधाराच्या आत पुण्याला पोचू." आणि ती कठड्याला धरून सावकाश पायऱ्या चढायला लागली.

ऋजुता जागची हलली नाही. पिंपळाकडे बघताना तिला एकाएकी आठवलं की दहाव्याला तिनं दिलेलं वचन काय होतं. 'बाबा, आईला मी माझ्याकडे नेईन.' कावळे तेव्हा हलले नव्हते. एवढ्या कावळ्यांच्या संहिता लिहिणाऱ्या बाईला त्याचा अर्थ लावावासा वाटला नव्हता.

कावळ्याला काही कळत नाही हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं हात जोडले.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "आईला तिच्या घरी परत आणीन. माझ्या मनानं नाही, तिच्या मनानं. कितीही वर्षं लागू देत."

फांदी हलली. एक कावळा खाली आला, मान वाकडी केली, दोन उड्या मारून पानाजवळ गेला आणि त्यानं भातात चोच घातली.

"आई," ऋजुतानं हाक मारली. "आई, इकडे बघ. शिवला."

आई वरच्या पायऱ्यांवर होती. हाक तिला ऐकू आली, कारण क्षणभर तिचा पाय थांबला. पण ती वळली नाही. घाटावरून निघालं की मागे वळून बघायचं नसतं, हे ऋजुताला लहानपणी तिनंच शिकवलं होतं.